कॅलगरीतल्या घरासाठी विनाइल साइडिंग: निवडावं कसं, बसवावं कसं

कॅनडातल्या कॅलगरीत जानेवारीतल्या सकाळी उणे २० असतं, आणि रॉकी पर्वतावरून चिनूक वारा उतरला की संध्याकाळपर्यंत छपरावरचा बर्फ पाघळायला लागतो. दक्षिणेकडच्या पिंचर क्रीक गावात जानेवारी १९६२ मध्ये एका तासात तापमान उणे १९ वरून २२ अंशांवर गेल्याची नोंद आहे. उन्हाळ्यात तिशीपार ऊन, मधूनच गारपीट, आणि वर्षभर पश्चिमेचा वारा. कॅलगरीच्या अल्बर्टा प्रांतात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना घराचं बाहेरचं आवरण बदलायची वेळ बहुधा गारपिटीनंतरच येते. तेव्हा विम्याची घाई असते, दारावर कंत्राटदार येत असतात, आणि हातातल्या नमुन्याच्या तुकड्यांत फरक कसा ओळखायचा ते कुणी सांगत नाही.

विनाइल साइडिंग म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्या, म्हणजेच पॅनेलं. त्याबद्दल पहिली गोष्ट ही पक्की करा: ते भिंतीवर ठोकायचं नसतं, टांगायचं असतं. पॅनेल लांबून स्थिर दिसलं तरी दिवसरात्र सरकत असतं. निवड, मोजमाप, खिळा, फट हे सगळं त्या सरकण्याचा हिशेब आहे.

तो हिशेब आधी करून घेऊ. विनाइल दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०६ मिमी वाढतं किंवा आकसतं. नेहमीचं पॅनेल साडेबारा फूट, म्हणजे ३.८१ मीटर लांब. एका अंशाला ०.२३ मिमी. पन्नास अंशांचा फरक पडला तर साडेअकरा मिमी, जवळपास अर्धा इंच. हिवाळ्यात हवा उणे ३० आणि उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवरचं गडद पॅनेल तापून पंचावन्नावर गेलं, तर पॅनेल पाऊण इंचापर्यंत हलतं. पुण्यातही प्लास्टिक तापतं, पण तिथे वर्षभरात एवढी तफावत पडत नाही.

भिंतीच्या आत काय असतं

विटा आणि प्लास्टरच्या भिंतीची सवय असलेल्याला इथली भिंत पोकळ वाटते, आणि ती तशी असतेच. आतून बाहेर असा क्रम लागतो: ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), प्लास्टिकचा पातळ पडदा, दोन बाय सहा इंचांचे लाकडी स्टड, म्हणजे उभे खांब, आणि त्यांच्यामध्ये इन्सुलेशन, त्यावर ओएसबीचे, म्हणजे लाकडाच्या चकत्या दाबून केलेले तक्ते, त्यावर हाऊस रॅप किंवा बिल्डिंग पेपर, आणि सगळ्यात बाहेर साइडिंग.

पाणी अडवणारा खरा थर हाऊस रॅपचा आणि खिडक्यादारांभोवतीच्या फ्लॅशिंगचा, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्यांचा. विनाइल जलरोधक नसतं. त्याच्या सांध्यांतून थोडं पाणी आत जाणार हे गृहीत धरून ते बनवलेलं असतं. ते पाणी मागच्या पोकळीतून खाली उतरतं आणि पॅनेलच्या खालच्या कडेच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. कोकणात मातीच्या भिंतीला झडीपासून वाचवायला नारळाची झापं बांधतात, तसंच हे काम आहे. झाप झडीचा मारा घेतं. मागची भिंत कोरडी राहण्यासाठी वाराही खेळावा लागतो. म्हणून पॅनेलच्या सांध्यांत सिलिकॉन भरणारा कारागीर दिसला तर त्याला थांबवा. पाणी आत अडकतं, पॅनेल सरकायचं बंद होतं, आणि दोन्ही कारणांनी भिंत बिघडते.

आधी ठरवा: विनाइल घ्यायचं का

१३ जून २०२० च्या गारपिटीत ईशान्य कॅलगरीत रस्तेच्या रस्ते घरं एका बाजूने सोलल्यासारखी झाली होती. विम्याच्या दाव्यांचा आकडा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि त्याहून मोठं. टेनिस बॉलएवढी गार वाऱ्यासोबत तिरकी आली तर कुठलंही विनाइल टिकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. विक्रेता ‘गारपीटरोधक विनाइल’ म्हणत असेल तर त्याला हमीपत्रातलं ते वाक्य दाखवायला सांगा.

तरीही विनाइल घ्यायला कारणं आहेत. ते स्वस्त आहे, कुजत नाही, रंगवावं लागत नाही. गोठण-वितळणीच्या चक्रात ते पाणी शोषत नाही, त्यामुळे आत बर्फ होऊन फुटत नाही. एखादं पॅनेल फुटलं तर तेवढंच बदलता येतं. फायबर सिमेंट, ज्याला सगळे हार्डी बोर्ड म्हणतात, गारेला पुष्कळ चांगलं तोंड देतं. पण ते जड आणि महाग असतं, कापताना सिलिकाची धूळ उडते, आणि काही वर्षांनी पुन्हा रंगवावं लागतं. ॲल्युमिनिअम आणि पोलाद फुटत नाहीत, पण त्यांना पोचे पडतात आणि ते कायमचे राहतात.

आमच्या मते मधला मार्ग चांगला. इथली वादळं बहुधा डोंगराच्या बाजूने, पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. त्या दोन बाजूंना, विशेषतः समोर मोकळं मैदान किंवा तळं असेल तर, फायबर सिमेंट लावा आणि बाकीच्या भिंतींना विनाइल. कोपऱ्यावर दोन्ही नीट जुळतात. खर्च वाढतो, पण पुढच्या दाव्याच्या वेळी चारही भिंती एकदम जात नाहीत.

पॅनेल हातात घेऊन काय बघायचं

जाडी इंचाच्या हजारांशात सांगतात. अमेरिकेच्या मानकाप्रमाणे किमान जाडी ०.०३५ इंच. बिल्डर नव्या वसाहतीत बहुधा ०.०४० च्या आसपासचं लावतात. कॅलगरीसाठी ०.०४४ इंच, म्हणजे साधारण १.१ मिमी, याखाली जाऊ नका; ०.०४६ मिळालं तर उत्तम. कॅनडाचं मानक सीएएन/सीजीएसबी-४१.२४ आहे. खोक्यावर त्याचा किंवा अमेरिकेच्या एएसटीएम डी३६७९ चा उल्लेख नसेल तर तो माल बाजूला ठेवा.

जाडीच्या पुढे बघायचं ते खिळ्याच्या कडेकडे. पॅनेलच्या वरच्या कडेला लांबट खाचा असतात. चांगल्या पॅनेलची ही कड दुमडून दुहेरी केलेली असते. जोराचा वारा पॅनेल ओढतो तेव्हा ताण याच कडेवर येतो, आणि एकेरी कड खिळ्याच्या डोक्यापाशी फाटते. खालचा आकडा, म्हणजे लॉक, बोटाने दाबून बघा. दोन तुकडे एकमेकांत अडकवून ओढा. टकन् बसला आणि सहज सुटला नाही तर ठीक.

आकारात नेहमी दिसणारे तीन: डबल ४ (चार इंचांच्या दोन पट्ट्या, एकूण आठ इंच), डबल ५ (दहा इंच), आणि डच लॅप, ज्यात पट्टीच्या वरच्या भागात खोलगट घडी असते. पट्टी जितकी रुंद आणि सपाट तितकी ती लाटेसारखी दिसायची भीती जास्त. डच लॅपची घडी पॅनेलला ताठपणा देते. वाऱ्याच्या जागी आम्ही डबल ४ किंवा डच लॅप घ्यायला सांगतो.

फोम चिकटवलेलं, म्हणजे इन्सुलेटेड विनाइल, वेगळा विचार मागतं. त्यातून साधारण आर-२ ते आर-३ एवढंच इन्सुलेशन वाढतं (आर हे उष्णता अडवण्याचं माप). स्टडमधलं इन्सुलेशन आर-२० च्या आसपास असतं. केवळ गॅसचं बिल कमी व्हावं म्हणून ते घेतलं तर पैसे वसूल व्हायला फार काळ लागेल. त्याचा खरा उपयोग पाठीला आधार मिळतो हा. पॅनेल सपाट राहतं, लाटा कमी दिसतात, आणि लहान गार आपटली तर मागे टेकायला काहीतरी असतं. मात्र खिळे लांब लागतात, आणि जे-चॅनेल (खिडकीभोवतीची आणि कडेची खोबणीची पट्टी) व कोपऱ्याचे पोस्ट, म्हणजे सगळी ट्रिमही, जास्त खोल लागते. जुन्या मापाच्या ट्रिममध्ये हे पॅनेल बसत नाही. कोटेशनमध्ये ट्रिमचं माप लिहिलेलं नसेल तर विचारा.

रंगाचं सांगायचं तर गडद रंग उन्हात जास्त तापतो, जास्त वाढतो आणि जास्त फिका पडतो. गडद निळा किंवा कोळशाचा रंग हवाच असेल तर त्यासाठी खास वरचा थर असलेला माल घ्या आणि हमीपत्रात रंग किती उतरला तर बदलून देणार ते बघा. हे माप ‘हंटर युनिट’ मध्ये लिहिलेलं असतं. राखाडी, वाळूचा, फिका हिरवा हे रंग इथे सगळ्यात कमी त्रास देतात.

थंडीत विनाइल ठिसूळ होतं. उणे २५ ला फावड्याचा दांडा किंवा हॉकीचा पक लागला तरी तडा जातो. म्हणून ड्राइव्हवेलगतच्या खालच्या तीन-चार फुटांत बरेच जण दगडी व्हिनिअर लावतात. तेवढा खर्च शक्य असेल तर जरूर करा.

शेजारची खिडकी, तुमची शेगडी आणि आग

विनाइल ७० अंशांच्या थोडं वर गेलं की मऊ पडतं. हवेने ते एवढं कधीच तापत नाही. तापतं ते दोन कारणांनी.

पहिलं कारण बार्बेक्यूची शेगडी. ती भिंतीपासून किमान तीन मीटर दूर ठेवा. वाऱ्याच्या आडोशाला म्हणून भिंतीलगत ओढलेल्या शेगडीमुळे वितळून खाली लोंबलेली पॅनेलं इथे जागोजागी दिसतात, आणि त्याची भरपाई हमीत येत नाही.

दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही. आजच्या दुहेरी काचेच्या खिडक्यांवर लो-ई थर असतो, तो उष्णता परावर्तित करतो. थंडीत दोन काचांमधला वायू आकसतो आणि काचा किंचित आत ओढल्या जातात, म्हणजे खिडकीचा अंतर्वक्र आरसा होतो. कॅलगरी ५१ अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंश वर असतो आणि काचेवर जवळजवळ आडवा पडतो. नव्या वसाहतीत दोन घरांत अडीच मीटरचंही अंतर नसतं. त्या आरशातून पडलेला तेजस्वी पट्टा तुमच्या भिंतीवर रोज एकाच जागी सरकत असेल, तर तिथली पॅनेलं सुरकुततात. निवड करण्याआधी एखाद्या स्वच्छ दिवशी दुपारी भिंतीवर असे पट्टे दिसतात का ते बघा. दिसले तर त्या भागात फायबर सिमेंट किंवा धातू लावा, नाहीतर शेजाऱ्यांना विनंती करून त्या खिडकीला बाहेरून जाळी बसवून घ्या. जाळीने परावर्तन पुरेसं विस्कटतं.

आगीचाही विचार याच जागी करायचा. २००७ च्या जुलैत एडमंटनच्या मॅकइवन भागात बांधकाम चालू असलेल्या इमारतीची आग शेजारच्या घरांवर पसरली. त्यानंतर २००९ मध्ये अल्बर्टाने बांधकाम संहितेत बदल केले. हद्दीच्या अगदी जवळच्या भिंतींवर विनाइलखाली जिप्समचं आवरण लागतं ते त्यामुळे. जुनं साइडिंग काढल्यावर असा जिप्समचा तक्ता दिसला तर तो फोडून टाकू नका. खराब झाला असेल तर तसाच नवा लावा.

मोजणी

इथे मोजमाप ‘स्क्वेअर’ मध्ये होतं. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. डबल ४ चं पॅनेल आठ इंच गुणिले साडेबारा फूट, म्हणजे ८.३३ चौरस फूट. बारा पॅनेलांचा एक स्क्वेअर, आणि एका खोक्यात बहुधा चोवीस पॅनेलं, म्हणजे दोन स्क्वेअर.

उदाहरण घेऊ. दुमजली घर, २४ बाय ३६ फूट, भिंतीची उंची १८ फूट. घेर १२० फूट. १२० गुणिले १८ म्हणजे २,१६० चौरस फूट. दोन गेबल, म्हणजे छपराखालचे भिंतीचे त्रिकोणी भाग, प्रत्येकाचा पाया २४ फूट आणि उंची ८ फूट, दोन्ही मिळून १९२. बेरीज २,३५२. गॅरेजचं मोठं दार १६ बाय ७ फूट, ते ११२ वजा करा. राहिले २,२४०. लहान खिडक्या वजा करायच्या नाहीत. कापण्यातला तोटा तिथे भरून निघतो. त्यावर १० टक्के वाढवा: २,४६४. म्हणजे २५ स्क्वेअर, आणि खोकी १३.

ट्रिमची मोजणी लोक अंदाजाने करतात आणि शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर दोन जे-चॅनेल कमी पडतात. तीही लिहून काढा. स्टार्टर स्ट्रिप, म्हणजे सगळ्यात खालचं पॅनेल अडकवायची पट्टी, घेराएवढी, १२० फूट, साडेबारा फुटांचे ११ तुकडे. चार बाहेरचे कोपरे, प्रत्येकी १८ फूट, दहा फुटांचे पोस्ट असतील तर ८. जे-चॅनेल: तीन बाय चारच्या पंधरा खिडक्या, प्रत्येकीचा घेर १४ फूट, म्हणजे २१० फूट, आणि गेबलच्या चार उतरत्या कडा साधारण ५८ फूट. एकूण २६८, तोटा धरून २४ तुकडे. खिडक्यांखाली आणि छपराच्या कडेखाली कापलेलं पॅनेल अडकवायची अंडरसिल ट्रिम वेगळी. दिवे, नळ आणि ड्रायरचं तोंड यांच्यासाठी माउंटिंग ब्लॉक मोजा. खिळे पॅनेलांसाठी सुमारे ३,०००, ट्रिमसाठी ७०० ते १,०००.

खिळ्यांवर काटकसर करू नका. ॲल्युमिनिअमचे किंवा गॅल्व्हनाइज्ड, डोकं किमान ८ मिमी, दांडा ३ मिमी, आणि लांबी एवढी की ओएसबी पार करून स्टडच्या लाकडात सव्वा इंच जाईल. साध्या विनाइलला दोन इंची खिळा पुरतो. फोमवाल्याला फोमच्या जाडीएवढा जास्त.

बसवताना

जुनं काढल्यावर लगेच नवं चढवू नका. ओएसबी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, खास करून खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि डेक भिंतीला जोडलेला असतो तिथे. मऊ लागला तर तेवढा तुकडा बदला. घर १९९० पूर्वीचं असेल आणि स्टको किंवा सिमेंटचे जुने पत्रे काढायचे असतील तर आधी ॲस्बेस्टॉसची चाचणी करून घ्या. हाऊस रॅप खालून वर लावायचा, वरचा थर खालच्यावर सहा इंच येईल असा. उलटा लागला तर तो पाणी आतच नेतो. खिडकीच्या खालची फ्लॅशिंग पट्टी रॅपच्या वर, आणि खिडकीच्या माथ्यावरचा रॅप वरच्या फ्लॅशिंगच्या वर.

मग पातळी. घराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यापासून लेव्हलने घरभर खडूची दोरी मारा. जमिनीपासून २०० मिमी वर राहिलात तर बर्फ, चिखल आणि गवत कापायच्या यंत्राची दोरी या तिन्हींपासून बचाव होतो. स्टार्टर स्ट्रिप या रेषेवर. दोन तुकड्यांत पाव इंच फट. ही पट्टी वाकडी गेली तर वरची सत्तावीस पॅनेलं वाकडी जातात, आणि ते खिडकीच्या माथ्याशी आल्यावर कळतं.

कोपऱ्याचे पोस्ट पॅनेलांच्या आधी. वर सॉफिटखाली, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या भागाच्या तळाखाली, पाव इंच फट ठेवा. पहिला खिळा सगळ्यात वरच्या खाचेच्या वरच्या टोकाला, म्हणजे पोस्ट त्यावर लटकतो. बाकीचे खाचेच्या मधोमध, आठ ते बारा इंचांवर. पोस्टचं खालचं टोक स्टार्टर स्ट्रिपच्या पाऊण इंच खाली येऊ द्या. दोन पोस्ट जोडायचे असतील तर खालच्याच्या वरच्या टोकाची एक इंच खिळ्याची कड कापा आणि वरचा पोस्ट त्यावर पाऊण इंच चढवा. उरलेला पाव इंच वाढीसाठी.

खिडकीभोवती जे-चॅनेल खालून सुरू करा, मग दोन्ही बाजू, शेवटी माथा. माथ्याच्या चॅनेलच्या दोन्ही टोकांना जीभ कापून ती बाजूच्या चॅनेलमध्ये खाली वळवायची. माथ्यावर साचलेलं पाणी त्या जिभेवरून बाजूच्या चॅनेलमध्ये उतरतं. जीभ न कापता कोपरा नुसता तिरका जोडला तर ते पाणी सरळ खिडकीच्या चौकटीमागे जातं. कुजलेला ओएसबी सापडतो तो बहुतेक याच जागी.

आता पॅनेल. घराच्या मागच्या बाजूने सुरुवात करून पुढच्या दाराकडे या, म्हणजे जोडाची कड येणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. पहिलं पॅनेल स्टार्टरमध्ये खालून वर दाबून पूर्ण लांबीत अडकवा. वर ताणून धरून खिळा मारू नका. लॉक बसलं की हात सैल करा आणि मग मारा.

खिळा खाचेच्या मधोमध. डोकं आणि विनाइल यांच्यात बँकेच्या कार्डाच्या जाडीएवढी फट, म्हणजे पाऊण मिमीच्या आसपास. खिळे १६ इंचांवर, स्टडमध्ये. तुमच्या घराचे स्टड २४ इंचांवर असतील, तर त्या पॅनेलला एवढं अंतर चालतं का ते कंपनीच्या सूचनापत्रात बघून घ्या. वाऱ्याच्या हिशेबात ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक पॅनेल मारून झालं की दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे सरकवून बघा. सरकलं तर बरोबर. नाही सरकलं तर कुठला तरी खिळा घट्ट बसलाय. तो आत्ताच सैल करा, वरचं पॅनेल चढल्यावर तो दिसणार नाही. नेलगन वापरत असाल तर खोली नियंत्रित करायचं जोडसाधन लावल्याशिवाय सुरू करू नका.

कोपऱ्यात आणि जे-चॅनेलमध्ये पॅनेलच्या टोकाला पाव इंच फट सोडा. पारा साधारण ४ अंशांखाली असेल तर साडेनऊ मिमी. कारण वरच्या हिशेबात आहे: उणे ५ ला बसवलेलं पॅनेल उन्हाळ्यात साठ अंशांनी जास्त तापलं तर चौदा मिमी वाढणार. दोन टोकांना सहा-सहा मिमी मिळून बाराच होतात. कमी पडलेले दोन मिमी पॅनेलच्या पोटात फुगवटा होऊन दिसतात. नवशिके थंडीत फट ‘मोठी दिसते’ म्हणून कमी ठेवतात. उन्हाळ्यात तीच बंद होते.

दोन पॅनेलं एकमेकांवर साधारण एक इंच चढवा, कारखान्यातून आलेल्या खाचेच्या निम्म्यापर्यंत. लगतच्या ओळींतले जोड किमान दोन फूट मागेपुढे ठेवा आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखी नक्षी होऊ देऊ नका.

खिडकीखालचं पॅनेल कापताना खिडकीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना पाव इंच जास्त कापा. कापलेल्या कडेवर स्नॅप-लॉक पंचने सहा-सहा इंचांवर कान काढा आणि अंडरसिल ट्रिममध्ये अडकवा. तिथे वरून खिळा मारायचा मोह होतो. मारू नका. विनाइलच्या दर्शनी भागातून कुठेही खिळा जायचा नाही. नळ किंवा तारेसाठी भोक पाडायचं असेल तर तेही पाव इंच सैल ठेवा.

कापायला गोल करवत वापरत असाल तर बारीक दातांचं पातं उलटं लावा आणि सावकाश चालवा. थंडीत तर अधिकच सावकाश. आडव्या कापासाठी युटिलिटी चाकूने रेघ मारून मागेपुढे वाकवलं की स्वच्छ तुटतं. खोकी सावलीत, सपाट जागेवर. उन्हात काळ्या ताडपत्रीखाली ठेवलेली पॅनेलं दुपारपर्यंत वाकडी झालेली असतात.

बिघाड दिसला तर तो कशामुळे

भिंतीवर लाटा, आणि दुपारी जास्त: खिळे घट्ट किंवा टोकाची फट कमी. एकाच ठरावीक जागी तिरका सुरकुतलेला पट्टा: समोरची काच. हिवाळ्यात जोड उघडा पडतो: पॅनेल एक इंचापेक्षा कमी चढवलंय. चिनूकमध्ये खडखड: लॉक नीट बसलेलं नाही किंवा स्टडला चुकलेले खिळे. एखादी ओळ खाली लोंबली: खालून झिप टूलने आकडा पुन्हा ओढून बसवा, तुटला असेल तर तेवढं पॅनेल बदला. झिप टूल हे वाकड्या टोकाचं साधं हत्यार आहे, किंमत अगदी थोडी. घरात असू द्या.

धुवायला मऊ ब्रश आणि तीस टक्के व्हिनेगर, सत्तर टक्के पाणी. प्रेशर वॉशरचा फवारा खालून वर मारला तर पाणी पॅनेलांच्या मागे जातं.

कंत्राट आणि हमी

गारपिटीनंतर दारावर येणाऱ्यांपैकी बरेच जण आगाऊ पैसे मागतात. घरी येऊन काम घेणाऱ्या आणि काम पुरं होण्याआधी पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराला अल्बर्टात प्रीपेड कंत्राटदाराचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक विचारा आणि प्रांत सरकारच्या यादीत पडताळा. कोटेशनमध्ये हे लिखित हवं: पॅनेलची जाडी आणि नाव, खिळ्याचा प्रकार, हाऊस रॅप नवा की जुनाच, खराब ओएसबी निघाला तर तक्त्यामागे दर, आणि जुना माल कोण नेणार. ‘सगळं समाविष्ट’ हे वाक्य पुरेसं नाही.

‘आजीवन हमी’ या शब्दांवर थांबू नका. बहुतेक हमी वर्षांगणिक घटत जाते, घर विकलं की तिचे नियम बदलतात, आणि चुकीची बसवणी किंवा बाहेरच्या उष्णतेने आलेला वाकडेपणा त्यात धरत नाहीत. विम्यातही नीट बघा: काही पॉलिसींत गारपिटीसाठी वेगळी वजावट असते, आणि जुन्या साइडिंगचा घसारा कापून रक्कम मिळते. एकाच भिंतीचा दावा मंजूर झाला आणि तुमचा रंग बाजारातून गेला असेल तर घर दोन रंगांचं दिसतं.

म्हणून मोजणीत आलेला तो जादा स्क्वेअर परत करू नका. बारा पॅनेलं आणि दोन-तीन जे-चॅनेल गॅरेजच्या छताशी सपाट ठेवा, उभी टेकवून नाही. खोक्यावरची चिठ्ठी, म्हणजे कंपनी, मालिका, रंगाचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख, फोटो काढून घराच्या कागदांत ठेवा.